नळी काढली

त्याला सगळे घण म्हणत. कागदोपत्री दुसरं नाव होतं, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात पुकारलं जाई, आणि तेव्हाही तो चटकन ओ देत नसे. जुन्या इमारती पाडणं हा त्याचा धंदा. बांधणारे आपल्या नावाच्या पाट्या लावतात, पाडणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही, याचा त्याला राग होता. पण त्याला राग कशाचा नव्हता? लोकांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, याचा नाकाच्याही चार बोटं पुढे चाले. गल्लीच्या वळणावर हा दिसायच्या आधी त्याचा राग दिसायचा.

कामाला मात्र वाघ. घण खांद्यामागून असा आणी की पहिल्याच ठोक्याला विटांचा सांधा उले. काँक्रीटचा खांब सोलून तो आतल्या सळया उघड्या पाडी आणि भिंत बसली की धुरळ्यात उभा राहून आरोळी ठोके. एका मुकादमानं 'जरा हळू' म्हटलं, त्याचे दोन दात गेले. एका ट्रकवाल्यानं त्याच्या सायकलला धक्का दिला, तर ट्रकची समोरची काच गेली. घरी एकदा कडी लवकर निघाली नाही म्हणून अख्खं दार निघालं. मग ते दार त्यानंच बसवलं, शिव्या देत, आणि बायको खिळे तळहातावर धरून बाजूला उभी राहिली. "आमची ही बोलत नाही, तेवढं एक सुख आहे," असं तो चारचौघांत सांगे. ती का बोलत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

जगात एकच माणूस त्याला 'गप बस' म्हणू शके, ती त्याची थोरली बहीण. ताई. त्याला लहानपणी बापानं पट्ट्यानं मारलं, मास्तरांनी छडीनं मारलं, आईनं हाताला येईल त्यानं मारलं. ताईनं कधी बोट लावलं नाही. ती नुसती त्याच्याकडे बघायची आणि हा मांजरासारखा भिंतीला लागून बसायचा. तिचं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळ्यात मोठ्यानं हाच रडला होता, आणि रडताना बघून कोणी हसलं म्हणून त्यानं एकाला तिथेच बुकललं होतं.

रक्तही त्याचं त्याच्यासारखंच, कायम चढलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं त्या गटारात फेकल्या. 'मला धडधाकटाला गोळ्या?' काही वर्षांत त्या चढलेल्या रक्तदाबानं दोन्ही किडन्या निकामी केल्या. मग डायलिसिस. मशीनला जोडल्यावर नळीतून आपलंच रक्त फिरताना बघून त्याच्या डोक्यात राख जाई. सुई टोचणाऱ्या तंत्रज्ञाला त्यानं एकदा लाथ मारली. त्यानंतर दोन धिप्पाड माणसं त्याचे पाय धरायला ठेवली जाऊ लागली, आणि पाय धरणाऱ्यांना तो सबंध वेळ त्यांच्या आईबापांबद्दल माहिती देत राही.

ताई बघायला आली. डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "माझ्यात दोन आहेत ना? एक ह्याला घाला."

विरोध केला तो दाजींनी, ताईच्या नवऱ्यानं. दाजींचं काचा कापायचं दुकान. हलक्या हाताचा आणि हलक्या आवाजाचा माणूस, आयुष्य काचेबरोबर गेलेलं. त्यांनी बायकोला समजावलं, रागावून पाहिलं, दोन दिवस जेवले नाहीत. ताई ऐकेना. शेवटी ऑपरेशनच्या सकाळी, स्ट्रेचर आत नेत असताना, दाजी घणच्या कानाशी वाकले. "माझ्या घरातलं माणूस चिरून नेतोयस. नीट जपलं नाहीस तर माझी हाय लागेल तुला."

घण तेव्हा आडवा होता, हाताला सुया होत्या, अर्धी भूल चढलेली होती. त्याला मारता आलं नाही. जी माणसं मारायची राहून गेली, ती त्याच्या पक्की ध्यानात राहत.

ताईची किडनी त्याच्या ओटीपोटात उजवीकडे बसली आणि पहिल्याच दिवसापासून झक्क चालू लागली. काही दिवसांनी सिस्टरनं लघवीची नळी ओढून काढली. त्या वेळी त्यानं जी बोंब ठोकली ती खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणींनीही ऐकली. "ढोराची वेसण ओढतात तशी ओढली हो!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. दुखण्यापेक्षा अपमान मोठा होता. एका पोरगेल्या सिस्टरनं त्याला उघडा करून रडवला होता.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाहेरची नळी काढली. पण आत आणखी एक बारीक नळी आहे, किडनीपासून मूत्राशयापर्यंत. नवा जोड भरून येईपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून ठेवलीय. महिन्याभरानं या, पाच मिनिटांत काढू. विसरायचं नाही. ती आत राहिली तर घात होईल."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा घणनं वॉर्डबॉयची गळपट्टी धरली होती. वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणली होती. "मी काय लंगडा आहे? मला ढकलतोस?" असा तो वाद होता. डॉक्टरांचं बोलणं ऐकलं ते पिशवी घेऊन मागे उभ्या असलेल्या बायकोनं.

महिन्याभरानं दवाखान्यातून फोन आला. एक मुलगी बोलत होती. "आपली नळी काढायची राहिली आहे ना?"

"राहिली? काढली की!" घण ओरडला. "तुमच्या त्या भवानीनं ओढून काढली. आता काय, परत घालून परत काढताय?"

"सर, ती नाही, ही आतली—"

पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण घणनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला होता. तिनं आणखी दोनदा फोन करून बघितला, दोन्ही वेळा तेच. मग फोन यायचा थांबला. माणूस छातीठोकपणे म्हणतोय काढली, तर काढली असेल कुठे तरी. शिव्या खायचा पगार कोणाला नसतो.

बायको भांडी विसळत होती. तिनं हात पुसले आणि वर्षाकाठी एखादं वाक्य बोलायची, ते बोलली. "अहो, ते आतली म्हणत असतील. निघताना डॉक्टर बोलले होते, आत एक—"

तांब्या स्टीलचा होता आणि पाण्यानं अर्धा भरलेला. तो तिच्या डाव्या भुवईवर बसला. भुवई उलली, रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून हनुवटीला आलं आणि विसळलेल्या ताटांत ठिबकलं. "मी खोटं बोलतो का? माझ्या अंगातलं मला माहीत नाही, तुला माहीत?" तिनं पदर भुवईवर दाबला आणि खाली बसली. टाके घालताना डॉक्टरांना तिनं सांगितलं, कपाटाचं दार लागलं. ताईलाही तेच सांगितलं. त्या दिवसापासून नळी हा शब्द त्या घरातून गेला. गॅसच्या शेगडीची नळी बदलायची झाली तर ती 'पाइप' म्हणू लागली.

त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही, अशी घणनं शपथ घेतली. चालू औषधं बायको जुनी चिठ्ठी दाखवून आणी. तो पुन्हा कामावर जाऊ लागला. घण उचलायला बंदी होती म्हणून खुर्ची टाकून बसे आणि तोंडानंच भिंती पाडी.

मग ताप सुरू झाला. हुडहुडी भरून दात वाजत, लघवीला आग होई, कधी तिचा रंग गुलाबी येई. गल्लीतला डॉक्टर सुई टोचे, गोळ्या देई, ताप उतरे. घण म्हणे, "बघ, गेला." काही आठवड्यांनी ताप परत दारात.

आत काय चाललं होतं ते इथेच सांगितलेलं बरं, कारण त्याला ते कळायला फार उशीर लागला. ती विसरलेली नळी जंतूंना सापडली होती. सुटा जंतू औषधानं मरतो. पण हे हलकट एखाद्या परक्या वस्तूवर जमले की आपल्याभोवती चिकट, बुळबुळीत गिलावा करतात आणि त्याच्या आड संसार थाटतात. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. औषध त्या गिलाव्यावरून वाहून जातं. बाहेर पडलेले चार मरतात, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आतले पुन्हा पिलावळ सोडतात. वर लघवीतले क्षार त्या चिकट थरावर बसून त्याचा दगड होतो. शिवाय ताईची किडनी अंगानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्याच्या अंगातले पहारेकरी औषधांनी झोपवलेले होते. सबंध आयुष्य लोकांचे गिलावे फोडण्यात घालवलेल्या माणसाच्या पोटात हा गिलावा रोज जाड होत होता, आणि तो शत्रू शोधत होता बाहेर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पहिला संशय पाण्यावर आला. त्यानं भिंतीवरचं पाणी गाळायचं यंत्र पहारीनं उपटलं. मग भांड्यांवर. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातली सगळी पितळी भांडी अंगणात आली आणि त्यानं ती ठोकून चपटी केली. मग बायकोवर. ती हात धुते का, उकळलेलं पाणी देते का, मुद्दाम काही घालते का? तिच्या दंडावर त्या दिवसांत निळे-पिवळे डाग कायम असत. तिला उत्तर माहीत होतं, आणि उत्तराची किंमत तिच्या भुवईवर लिहिलेली होती.

ताप मात्र काही खाली बसेना. असाच एकदा दात वाजवत पडलेला असताना त्याला दाजींचे शब्द आठवले. हाय लागेल. तो ताडकन उठून बसला. सगळं जुळलं! चोर सापडल्याच्या आनंदात त्याला त्या तापातही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दाजींच्या दुकानात शिरला. हातात घण होता. डॉक्टरांची बंदी घरी ठेवून आला होता. दाजी टेबलावर काच आडवी टाकून हिऱ्याच्या लेखणीनं रेघ ओढत होते.

"हाय मागे घ्या," घण म्हणाला.

"काय?"

"दिलीत ना मला? मागे घ्या. आत्ता. मोठ्यानं बोला."

दाजींनी लेखणी खाली ठेवली. तापानं लाल झालेले त्याचे डोळे बघून ते म्हणाले, "अरे, तू आजारी दिसतोस. बस, पाणी पी."

पाणी! घणला वाटलं, हा हसतोय. त्यानं पहिला ठोका भिंतीशी उभ्या केलेल्या काचांवर घातला. एकाला एक टेकून ठेवलेल्या त्या काचा धबधब्यासारख्या कोसळल्या. दुसरा आरशांवर. तिसरा टेबलावर. काचेच्या धारा पोटऱ्यांत शिरत होत्या, तळहाताएवढा तुकडा त्याच्या मांडीत उभा होता आणि त्याचं त्याला भानही नव्हतं. किती दिवसांनी हातात घण होता! दाजी त्याला आवरायला पुढे आले. त्यानं घणाचा दांडा फिरवला. दाजींचा उजवा हात कोपराखाली वाळक्या फांदीसारखा मोडला. आवाज त्या काचांच्या खळखळाटातही ऐकू आला.

ताई मागच्या खोलीतून धावत आली तेव्हा दाजी काचांत गुडघ्यावर बसलेले होते आणि घण पुन्हा दांडा उगारून उभा होता. तिच्या पायाखाली काच कचकचली. ती त्याच्याकडे बघू लागली, लहानपणी बघायची तशी. या वेळी तो भिंतीला लागून बसला नाही. मग ती बोलली. "माझं जे तुझ्या पोटात आहे ना," तिनं स्वतःच्या कुशीवरच्या व्रणावर मूठ मारली, "ते कुजून पडो! ऐकलंस? कुजून पडो तुझ्यात!"

घणच्या हातून दांडा सुटला. त्याला सणकून थंडी वाजली, पायजमा ओला झाला आणि खाली बघितलं तर ओल लाल होती. तो काचांवरच आडवा झाला.

ज्या दवाखान्याची पायरी चढणार नव्हता, तिथे त्याला चौघांनी उचलून नेलं. फोटो काढला. जुने डॉक्टर तो फोटो उजेडावर धरून उभे राहिले. ओटीपोटात एक वेटोळी नळी स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना दगडाचे गठ्ठे.

"ही अजून आत?" डॉक्टर म्हणाले. "काढली असं कोणी सांगितलं?"

घणला उठायचं बळ नव्हतं, तरी त्यानं हात घालून डॉक्टरांची गळपट्टी पकडली. "तुम्ही विसरलात! तुमचं पाप! आत टाकून विसरलात, आणि मला विचारता? मला कोणी सांगितलं नाही! एका माणसानं सांगितलं नाही!"

"मी सांगितलं होतं."

सगळे वळले. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं केस मागे सारले आणि भुवईवर बोट ठेवलं. "हे बघा. सांगितल्याची पावती."

घणचा हात डॉक्टरांच्या गळ्यावरून आपोआप खाली आला. त्यानं डॉक्टरांकडे बघितलं, सिस्टरकडे, भिंतीकडे. कोणाला मारावं असा त्या खोलीत दुसरा माणूस नव्हता. त्याच्या आयुष्यात ही वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तो लहान पोरासारखा घाबरला.

पाडकाम मग त्याच्या पोटात झालं. दुर्बिणीतून लेसर घालून डॉक्टरांनी ते दगड फोडले आणि नळी दोन तुकड्यांत ओढून काढली. पण पू वर किडनीत चढला होता आणि तिथून रक्तात उतरला होता. पुढचे काही दिवस त्यांनी होती नव्हती ती औषधं ओतली. किडनी सुजली, थांबली, काळी पडू लागली. शेवटी डॉक्टर बायकोला म्हणाले, "तिला ठेवू की माणसाला ठेवू, एवढंच उरलंय." बायकोनं सही केली. ताईची किडनी काढली.

शुद्धीवर आल्यावर त्यानं नळी बघायला मागितली. सिस्टरनं बाटली आणून समोर धरली. पिवळट दगडी पोपडे, आणि त्यांच्याखाली राखाडी, बुळबुळीत साय. जुन्या घराची मोरी फोडली की आतला नळ असाच निघतो, त्यानं शेकडो फोडले होते. "ह्या थराला हात लावला तर बोटाला चिकटतो, सुटत नाही," एवढंच तो म्हणाला आणि बाटली परत दिली.

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिच्या तळहातांना काचा उचलताना झालेल्या चिरा होत्या. दाजींचा हात प्लास्टरमध्ये होता, ते बाहेरच्या बाकावर थांबले होते, आत आले नाहीत. ताईनं खाटेकडे बघितलं, शेजारच्या डायलिसिसच्या मशीनकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"मी बोलले," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं बोलले, कुजो म्हणाले. आणि कुजली रे. माझीच मी मारली." आणि ती आपल्याच तोंडावर फडाफडा मारून घेऊ लागली. ओठ फुटून दातांना रक्त लागलं, तरी थांबेना. "जळो ही जीभ! जळो!"

घण बघत होता. चोर स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि स्वतःच कबूल करत होता. असा आयता गुन्हेगार त्यानं जन्मात कधी सोडला नव्हता. नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं असतं तरी भागलं असतं. दाजींच्या हायेवर त्याचाही अजून थोडा विश्वास होता, ताईच्या शापावर तर पुरता. पण बाटलीतला तो राखाडी थर त्यानं डोळ्यांनी बघितला होता.

त्यानं हात लांब करून तिचं मनगट धरलं. "ताई, थांब. तुझ्या बोलण्यानं नाही गेली. दाजींच्या हायेनंही नाही. आत नळी राहिली होती. काढायला या म्हणून हे लोक फोन करत होते. मी म्हणालो, काढली. वर शिव्या दिल्या. हिनं सांगितलं, तर हिला तांब्या फेकून मारला. तुझी किडनी माझ्या तोंडानं गेली."

ताईचा हात थांबला. तिनं वळून बायकोच्या भुवईकडे बघितलं. "कपाटाचं दार ना ते?"

बायकोनं मान हलवली. नाही.

ताईनं मनगट सोडवून घेतलं आणि त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सिस्टर धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. घणचा हात वर आला नाही. गालावर ताईच्या चिरांमधलं रक्त उमटलं होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

बायको मधे पडली नाही. खिडकीशी उभी होती तशीच उभी राहिली, आणि ताईचा हात खाली आल्यावर म्हणाली, "ताई, एक माझ्या वाटणीची."

ताईनं तीही दिली.